पुढचा पाय

कोल्हापूर
११ ऑगस्ट २०२४

प्रिय बाई,

नमस्कार. रविवारी इथे खेळाच्या हॉस्टेलवर फोन मिळतो, पण वॉर्डनच्या टेबलापाशी उभं राहून बोलावं लागतं आणि मागे मुलींची रांग असते. ती दोन-चार मिनिटं आईबाबांनाच पुरत नाहीत. म्हणून तुम्हाला पत्र. आचऱ्याच्या शाळेत तुम्ही मधल्या सुट्टीतही माझ्या हातातली तलवार काढून घ्यायचात ना, तसं इथे कुणी करत नाही. सकाळ-संध्याकाळ नुसती तलवारबाजी. पहिला महिना मला स्वर्गच वाटला.

माझ्या खोलीत मालवणची आरिफा मुकादम आहे. तिच्या अब्बांचा सुक्या मासळीचा व्यापार आहे. तिनं डब्यात सुकट लपवून आणली होती, पण वासानं सगळ्या मजल्याला कळलं. ती पण माझ्यासारखी इपी तलवारीनं खेळते. आम्ही रात्री मालवणीत बोलतो, बाकीच्या मुली म्हणतात तुमचं भांडण चाललंय का.

तुम्ही मला बघितलंत तर ओळखणार नाही. जूनमध्ये शिवलेली पँट घोट्याच्या वर गेली. सगळे म्हणतात उंची चांगली, हात लांब, इपीला फायदा. पण बाई, मला काही जमेना झालंय. मनगटावर नेम धरते तर टोक मनगटाच्या पुढे जातं. लंज मारायला झेपावते तर पुढचा पाय वेळेवर पडत नाही, मधेच थांबतो. माझ्यापेक्षा कच्च्या मुली मला हरवतात. इथले सर म्हणाले, "सलोनी, तू घाबरायला लागलीस. पाय आखडता घेतेस." मी खरंच घाबरते का ते मला कळत नाही.

चतुर्थीला सोडणार नाहीत. ऑक्टोबरमध्ये राज्य स्पर्धेच्या संघाची निवड आहे, चार जणींची. बाबांना सांगा, मी मजेत आहे.

तुमची
सलोनी घाडी

---

आचरा
२२ ऑगस्ट २०२४

प्रिय सलोनी,

पत्र पोचलं. वर्गात तास चालू असताना शिपाई घेऊन आला आणि मी पोरांना मैदानाला दोन फेऱ्या मारायला पाठवून आधी ते वाचलं.

तुझे सर म्हणतात ते मला पटतं. आपल्या शाळेत तुझ्याशी खेळायला धड कुणी नव्हतं, तिथे सगळ्याच जणी तयारीच्या. हरायची सवय नसलेलं माणूस हरायला लागलं की आधी पाय मागे घेतं. हात शेवटपर्यंत शूर असतो, भित्रा पाय असतो. तेव्हा पुढच्या पायाचा विचारच करू नकोस, तो टाकून दे. सगळ्यांचा सराव संपला की रोज एकटीनं वेगळे लंज काढ. पाय थकला की भीती पण थकते, हे मी तुला पूर्वी सांगितलेलं आहे.

इथलं सांगायचं तर, तुझ्या बाबांनी तिठ्यावर बॅनर लावलाय. तुझा मास्क काखेत धरलेला फोटो, आणि खाली 'आचऱ्याची रणरागिणी'. मी म्हटलं, "गणपतराव, अहो अजून काही झालेलं नाही." तर म्हणाले, "जातलां मां! माझां चेडू आसा तां." काजूच्या झाडांना खत घालता घालता येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझ्याबद्दल सांगतात. त्यांचं तोंड बघून मला पुढे बोलवेना.

चतुर्थीचे मोदक तुझ्या वाटणीचे मी खाईन. हिंमत सोडू नकोस.

तुझी
सुभद्राबाई

---

कोल्हापूर
१८ सप्टेंबर २०२४

प्रिय बाई,

तुम्ही सांगितलंत तसंच करते आहे. सगळ्या गेल्या की हॉलच्या कोपऱ्यात लंज काढते. सर परवा म्हणाले, आता जोर दिसतोय. आठवड्याच्या लढतींत मी तिसरी आले. आरिफा पाचवी. म्हणजे निवड आज झाली असती तर मी आत आणि ती राखीव.

बॅनरचा फोटो बाबांनी वॉर्डनच्या फोनवर पाठवला होता, तो सगळ्या मुलींनी बघितला. आता मला इथे रणरागिणीच म्हणतात.

मी अगदी बरी आहे. अभ्यास राहिलाय म्हणून पत्र लहान.

सलोनी

---

कोल्हापूर
३ ऑक्टोबर २०२४

आदरणीय बाई,

तुम्ही मला ओळखत नाही. मी आरिफा, सलोनीच्या खोलीतली. तुमचा पत्ता तिच्या पाकिटावरून घेतला. तिला हे माहीत नाही.

सलोनीचा उजवा गुडघा खूप दुखतो. आजचा नाही, चतुर्थीच्या आधीपासून. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर टेंगूळ आलंय, त्याला नुसता पांघरुणाचा धक्का लागला तरी ती ओठ चावते. मेसमधल्या मावशींकडून बर्फ मागून आणते आणि सरबताला हवा म्हणून सांगते. जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरते. कुणी आलं की वाकून बुटाची लेस बांधायला लागते. सगळ्यांना वाटतं हिची लेस सारखी सुटते.

एवढं असून ती सराव संपल्यावर एकटीच लंज काढते. मी म्हटलं, "बस कर गो, मरशीत." तर म्हणाली, "बाईंनी सांगितल्यानी आसा. भीती जाऊक होयी." मी म्हटलं, "ही भीती न्हय, ह्यां दुखणां." तर तिनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही.

बाई, मी महिनाभर गप्प राहिले. शपथेसाठी नाही. सलोनी बाहेर झाली तर तिची जागा मला मिळते. मी सरांना सांगितलं असतं तर सगळ्या म्हणाल्या असत्या, आरिफानं जागेसाठी केलं. आणि खरं सांगते, मलाही रात्री कळायचं नाही की मला तिच्या पायाची काळजी आहे की जागेची हाव. म्हणून मी काहीच केलं नाही. पण काल ती लंजमध्ये खाली गेली आणि तिला वर येता येईना. तलवार जमिनीला टेकून उठली आणि हसली. ते हसू मला बघवलं नाही.

तुम्हाला सांगितलं तरी लोक तेच म्हणतील. पण तुम्ही तिच्या आहात. तुम्ही काहीतरी करा.

आरिफा मुकादम

---

आचरा
१७ ऑक्टोबर २०२४

प्रिय आरिफा,

परवा हॉस्टेलच्या दारात तुझ्याशी धड बोलता आलं नाही. तू खांबाआड उभी होतीस आणि मला सलोनीला गाडीत बसवायचं होतं. म्हणून लिहिते.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी पहिल्यांदा माझंच पत्र आठवून बसले. वाढत्या वयाचं पोर, वर्षात एवढी उंची वाढलेली, पाय मधेच थांबतो असं स्वतः लिहितंय. शाळेत इतकी वर्षं पोरं वाढताना बघणाऱ्या बाईला एक साधा प्रश्न विचारायला सुचू नये, की दुखतं का गो? त्याऐवजी मी तिला जास्तीचे लंज काढायला लावले. सलोनीला मी हे नंतर तोंडावर सांगितलं.

पत्र वाचून मी आधी गणपतरावांकडे गेले. भात कापणीला आलेलं, कोयते मांडवात धार लावून ठेवलेले. मला वाटत होतं हा माणूस कोसळेल, नाहीतर माझ्यावर ओरडेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "सकाळची गाडी वैभववाडीसून जाता. मी येतंय." कापणी शेजाऱ्यावर सोपवून ते माझ्याबरोबर घाट चढले.

हॉस्टेलच्या भेटीच्या खोलीत सलोनी आली ती सरळ चालत. बापाला दाखवायला. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, स्वतः खाली बसले आणि पँट वर सारून बघितलं.

"ह्यां कधीपासना?"

"चतुर्थीच्या आदीपासना."

"आणि माका दर रविवारी बरां आसा म्हणान सांगी होतंस?"

"तुमी बॅनर लावलात, बाबा." मग ती रडायला लागली.

गणपतरावांनी तिचा पाय मांडीवर घेतला. मग म्हणाले, "तो बॅनर माझ्या हौशेचो गो. त्येचां वजन तुझ्या पायार कित्याक घेतलंस? माका विचारलां असतंस तर मी त्याच दिवशी उतरवलंय असतंय."

तुमच्या सरांनाही धक्का बसला. त्यांनी स्वतः गाडी काढून हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात हाड भराभर वाढतं, मांडीचा स्नायू तेवढा वाढत नाही, तो खाली जिथे धरलेला असतो तिथे हाडाला ओढत राहतो. त्यात रोज लंज. कायमचं काही नाही, पण अजून ताणलं असतं तर सांगता आलं नसतं. काही महिने लंज, उड्या, धावणं बंद. हळूहळू स्नायू मोकळे करायचे व्यायाम. आणि नेम चुकत होता तोही त्यामुळेच. हात लांब झालाय, हे डोक्याला अजून कळलेलं नाही.

सलोनी आता घरी आहे. तुझं पत्र मी तिला दाखवलं नव्हतं, पण तिनं ओळखलं. तुझं नाव काढलं की उठून जाते. तुला हे माझ्याकडून कळावं, दुसऱ्याकडून नको.

आणि एक. निवडीत तुझं नाव लागलं हे सरांनी फोनवर सांगितलं. तू नाही म्हणणार आहेस असंही सांगितलं. आरिफा, तू घरी बसलीस तर तिचा गुडघा एक दिवस आधी बरा होणार नाही. तुझ्या मनात काळजी किती आणि हाव किती, हे मोजत बसू नकोस. दोन्ही असतील. माणसाच्या मनात एका वेळी दोन गोष्टी राहतात. तू शेवटी कुठली ऐकलीस ते मला माहीत आहे. जा आणि खेळ.

तुझी
सुभद्राबाई

---

कोल्हापूर
१९ नोव्हेंबर २०२४

सलोनी,

तू हे पत्र फाडशील. तरी लिहिते.

मी राज्य स्पर्धेला गेले. जाताना बसमध्ये एक जण हळूच म्हणाली, रणरागिणीच्या सीटवर कोण बसलंय बघा. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मनात म्हटलं, हरले तर बरं, मग कुणी काही बोलणार नाही. आणि तसंच झालं. वैयक्तिकला मी पहिल्याच फेरीत बाहेर. त्या मुलीला मी ओळखते, तिला मी दहादा हरवलंय. माझा हात उठतच नव्हता. बाहेर येऊन मला हलकं वाटलं आणि मग त्या हलकं वाटण्याची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सांघिक. तिसऱ्या नंबरासाठीच्या लढतीत शेवटची मी होते आणि आपण मागे होतो. बाकीच्या तिघी बाजूला उभ्या राहून ओरडत होत्या. त्यातली एक तीच, बसमधली. ती माझं नाव घेऊन ओरडत होती, तुझं नाही. तेव्हा मला कळलं की इथे आता तुझी जागा वगैरे काही नाही, ही मी आहे आणि समोर एक मुलगी आहे. मग मी खेळले. तिसरा नंबर आला.

मेडल मी अब्बांना पाठवलं. तुला पाठवायचं मनात आलं होतं, पण तू ते विहिरीत टाकलं असतंस आणि बरोबर केलं असतंस.

बाईंना पत्र लिहिल्याबद्दल मी तुझी माफी मागणार नाही. उशिरा लिहिलं, त्याबद्दल मागते.

तुझी खाट रिकामीच आहे. वॉर्डननं दुसरी मुलगी टाकायची ठरवली होती, मी म्हटलं हिकडे सुकटीचा वास येतो. कुणी आलं नाही.

आरिफा

---

आचरा
१४ डिसेंबर २०२४

आरिफा,

फाडलं नाही. पण फोडलंही नाही. बरेच दिवस ते देवळीत पडून होतं. आई रोज झाडताना उचलून परत तिथेच ठेवायची आणि माझ्याकडे बघायची.

मला तुझा इतका राग आला होता की सांगता येत नाही. मला वाटायचं, दुखत होतं ते माझं होतं. ते माझ्याकडून काढून घेऊन तू बाईंना दिलंस. इथे आल्यावर पहिले दिवस मी नुसती पडवीत बसून. माणसं यायची, पाय बघायची, "अरेरे" म्हणायची. कुणीतरी बाबांना विचारलं, "मगे आता चेडू खेळाचां नाय?" बाबा म्हणाले, "खेळात नायतर नाय खेळाचां. जेवता बरां." मला तेव्हा तेही टोचलं. तलवार नसली तर मी कोण, असं वाटायचं. नुसती गणपत घाड्याची पोरगी, जी बरी जेवते.

मग बाई एक दिवस शाळेत घेऊन गेल्या. त्यांनी हॉलमध्ये दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आणि मला एकीत बसवलं. म्हणाल्या, पाय जमिनीला टेकव आणि विसर. नुसता हात. समोर सहावीतली सीता. पहिल्या दिवशी त्या एवढ्याशा पोरीनं मला हाणहाण हाणलं! माझा हात तिच्या मास्कच्या वरून जायचा. मग रोज बसायला लागलो. हळूहळू हाताला कळायला लागलं की तो किती लांब आहे. आता मी बसल्या जागेवरून तिच्या मनगटाच्या बटणाला टोक लावते.

तर ही सीता. मागच्या आठवड्यात बघितलं, तलवार विचित्र धरतेय. मूठ उघडायला लावली तर तळव्यावर फोड फुटून लाल झालेला. मी ओरडले, "सांगूक काय झाल्लां?" ती म्हणाली, "सांगलंय तर तू माका बसवतलंस." मी तिला बसवलंच. बाईंनाही सांगितलं. त्यावर तिनं माझ्याशी बोलणं सोडलं. रस्त्यात दिसली की तोंड फिरवायची. सहावीतली पोर, आरिफा, आणि मला जेवण जाईना. मी काय चुकीचं केलं? तिच्या हाताचं बघितलं ना? मग ती माझ्याकडे अशी का बघते?

त्या संध्याकाळी तुझं पत्र फोडलं.

बसमधल्या त्या मुलीचं नाव सांग. नको, सांगू नकोस. तिसऱ्या नंबराबद्दल अभिनंदन. शेवटच्या लढतीत मागे असताना तू काय केलंस, आधी गेलीस की तिला येऊ दिलंस? सविस्तर लिही. ऐकल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

माफी वगैरे राहू दे. पण परत माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली तर हात काढून घे आणि मला एक ठेवून दे.

डॉक्टर म्हणाले फेब्रुवारीत हळूहळू चालू करू. सीता काल बोलली. "हात बरो झालो. बस खुर्चीर," एवढंच.

सलोनी

---

कोल्हापूर
९ मार्च २०२५

प्रिय बाई,

इथे येऊन तीन आठवडे झाले. सर मला रोज सरावाआधी विचारतात, आज कसं आहे? पहिले दिवस मी "ठीक" म्हणायचे. सर म्हणायचे, ठीक हे उत्तर नाही, कुठे आणि किती ते सांग. आता सगळ्याच मुलींना विचारतात. परवा एकीनं पोटात दुखतं म्हणून सांगितलं आणि तिला कुणी हसलं नाही. मला बाई, तुमची आठवण आली. तुम्ही त्यांना काय सांगून गेलात ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण मला अंदाज आहे.

पाय चांगला आहे. खूप खेळलं तर थोडा ठणकतो, मग मी थांबते. थांबायला अजून राग येतो.

काल पहिल्यांदा मला लढत खेळायला दिली. समोर आरिफा. पाच टचची साधी सरावाची लढत, पण हॉलमधल्या सगळ्या मुली आपापलं सोडून बघायला आल्या. मी घाबरले होते. या वेळी खरोखरची भीती होती. पोटात होती, पायात नव्हती. आता मला दोन्हीतला फरक कळतो.

तीन-तीन झालं. मग माझ्या लक्षात आलं की आरिफा माझ्या पायाकडे येतच नाही. इपीत नखापासून डोक्यापर्यंत कुठेही मारता येतं, आणि तिचा पायावरचा वार तर इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मी दोनदा गुडघा उघडा टाकला तरी ती हातावरच येत राहिली. मी थांबले, मास्क वर केला आणि सगळ्यांच्या देखत ओरडले, "माका काचेचां समजतंस काय गो?"

तिनं पण मास्क वर केला. तिचे डोळे भरलेले होते. म्हणाली, "हळू लागत नाय माझो वार, सांगून ठेवतंय."

"मार मगे."

सरांनी "खेळा" म्हटलं. मी लंज मारला. पुढचा पाय पडला, जिथे पडायला हवा होता तिथेच पडला, आणि माझं टोक तिच्या दंडाला लागलं. चार-तीन. पुढच्याला तिनं हात खोटा दाखवला आणि खाली येऊन माझ्या बुटावर टोक मारलं. चार-चार. मग शेवटचा. मी वाट बघत राहिले, ती पण. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज येत होता. मी गेले, आणि ती माझ्या तलवारीखालून आली आणि सरळ गुडघ्यावर. त्याच गुडघ्यावर, बाई. टोक लागल्याचा तिचा दिवा पेटला, माझा नाही.

दुखलं थोडं. टोक लागल्यावर दुखतं तेवढंच.

आम्ही सलामी दिली, हात मिळवले, आणि तिनं हात सोडला नाही. मग बाहेर येऊन पाणी प्यायलो आणि पुढच्या मुलींची लढत बघत बसलो. ती मला तिनं तो शेवटचा वार कसा काढला ते दाखवत होती आणि मी तिला सांगत होते की मी कुठे चुकले. मधेच माझ्या लक्षात आलं की मला रडू येत नाहीय. बाबांना काय सांगू, तिठ्यावरची माणसं काय म्हणतील, मी घाबरट आहे का, यातलं काहीच डोक्यात नाहीय. जेवणात काय असेल एवढंच आहे.

खूप दिवसांनी मी नुसती हरले, बाई.

तुमची
सलोनी